काळ्या पाण्याकडची भावकी

दादा, तुमच्या पणजोबांनी साहेब मारला नव्हता. त्यांनी शेजारच्या गावचा एक माणूस मारला, तोही महारच. दोन गावांच्या शिवेवर एक बैल मरून पडला होता. तो कोणत्या गावच्या हद्दीत पडला यावर त्याचं कातडं कोणाचं ते ठरणार होतं. शीव कुठून जाते हे सांगण्याचा मान दोन्ही गावांत महारांचाच, त्यामुळे साक्षीला दोन्हीकडचे महार उभे राहिले आणि दोघांनाही शीव आपापल्या सोयीची आठवत होती. काठ्या निघाल्या. एक जण तिथेच गेला, दुसरा अंदमानला. लंडनच्या एका वाचनालयाच्या मोठ्या, शांत खोलीत मी हे वाचलं. टेबलांवर हिरवे दिवे आहेत आणि कागदाखाली ठेवायला फोमच्या उशा देतात. मला धक्का बसला नाही. फक्त तुमचा आवाज आठवला, 'साहेब' म्हणताना थोडा वर चढणारा.

ग्लासगोच्या आपल्या स्वयंपाकघरात रविवारी तुम्ही झुणका करायचात. आई त्या दिवशी चुलीपाशी यायची नाही, म्हणजे तिला येऊ द्यायचा नाहीत तुम्ही. खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली असते, खालच्या अंगणात कोणीतरी चादरी वाळत घालतं, आणि तुम्ही बेसन हलवत उभ्या उभ्या सांगता की आपला एक माणूस होता, त्याच्यावर गोऱ्या साहेबानं चाबूक उगारला, त्यानं तो चाबूक धरला आणि पुढचं सगळं झालं. मी, तुमची लेक, तेव्हा दहा वर्षांची असेन. मी विचारलं, "आणि त्याची बायको?" तुम्ही म्हणालात, "तिच्या पोटात माझे आजोबा होते. ती वाट पाहत राहिली. म्हातारी होऊन मेली, पण शेवटपर्यंत कपाळभर कुंकू." मी म्हटलं, "तिला कंटाळा नाही आला?" तुम्ही झारा ठेवला. रागावलात असं नाही, पण माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "जेव." त्या दिवशी झुणका थोडा खाली लागला होता.

शनिवारी कधीतरी तुम्ही मला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात न्यायचात. उंच टेबलं, तिरकी, आणि त्यांच्यावर जहाजांची पोटं उघडून ठेवलेली. तुमचे सहकारी मला बिस्किटं द्यायचे आणि त्यांची स्कॉटिश इंग्रजी तुम्ही मला घरी जाताना समजावून सांगायचात. एकदा मी एका टाकाऊ कागदावर जहाज काढत होते. तुम्ही मागून येऊन पाहिलंत. "हे किती लांब आहे?" मी म्हटलं, असंच. "असंच काढायचं असेल तर घरी काढ. इथं नाही." सगळ्यांसमोर बोललात. मराठीत बोललात म्हणून कोणाला कळलं नाही, पण मला ते सगळ्यांना कळल्यासारखं वाटलं. नंतर आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना तेच सांगत आले आहे, जरा मऊ शब्दांत.

एप्रिलात जयंतीला आपण कोचनं लंडनला जायचो. भाड्यानं घेतलेला शाळेचा हॉल, निळे झेंडे, मागच्या बाजूला मोठाल्या पातेल्यांत भात. तुम्ही व्यासपीठावर जाऊन तीच गोष्ट सांगायचात. दर वर्षी चाबूक थोडा लांब व्हायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि बायका शेवटच्या वाक्याला डोळे पुसायच्या, कुंकवाच्या. कुंकू आपल्या घरात कोणी लावत नव्हतं. देव तुम्ही तरुणपणीच सोडले होते. तरी त्या एका बाईच्या कपाळावरचं तुम्ही कधी पुसलं नाहीत.

मी हे शोधायला लागले ते सहज. केंब्रिजला कॉलेजातलं काम कमी झालं, मुलं आपापल्या गावी, सकाळ मोठी वाटायला लागली. खुनाचं कळल्यावर मी थांबले असते. पण माणूस तिथे गेल्यावर त्याचं काय झालं हे कुठे सापडत नव्हतं, म्हणून अंदमानातल्या कैद्यांच्या वंशजांसाठी इंटरनेटवर एक जागा आहे तिथे मी गावाचं नाव टाकून विचारलं. काही महिन्यांनी उत्तर आलं. लिहिणारी लंडनच्या एजवेअर भागातली एक बाई होती. तिचे सासरे पोर्ट ब्लेअरचे, जहाजावर इंजिनिअर होते, आता निवृत्त. त्यांच्या घरात त्या गावाचं नाव चार पिढ्या तोंडातोंडी राहिलं होतं, झिजून निम्मं झालेलं, पण ओळखू येण्यासारखं. गुन्हाही तोच होता: बैल, शीव, काठी.

मी गेले. एजवेअर तुम्हाला आठवतं तसं राहिलेलं नाही. स्टेशनाबाहेर आता आपल्याकडचं सगळं मिळतं, अगदी मेथीच्या जुड्यासुद्धा. घर लहान, दारात चपलांची रांग. गृहस्थ ऐंशीच्या आसपासचे, ताठ, पांढऱ्या मिशा. मला पाहिल्यावर नुसतं तोंड न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "नाक नहीं मिलती." त्यांची सून आतून ओरडली, "पापा!" ते म्हणाले, "अरे, देखना तो पड़ता है."

त्यांना मराठी येत नाही. मी तुटक्या हिंदीत तुमची साहेबाची गोष्ट सांगितली आणि ती खरी नाही हेही सांगितलं. ते हसले. "बेटी, हमारे यहाँ सबके परदादा ने अंग्रेज़ ही मारा था. इतने अंग्रेज़ तो टापू पर आए भी नहीं जितने हम लोगों ने मार डाले." मग त्यांनी विचारलं, आपण कोण लोक. मी म्हटलं, महार, आता बौद्ध. त्यांनी तो शब्द एकदा उच्चारून पाहिला. "हमको पता ही नहीं था. वहाँ कोई पूछता नहीं. जो औरत मिली उससे शादी की, वो अवध की थी, उसका भी किसी ने नहीं पूछा." ज्यासाठी तुम्ही आयुष्यभर सभा घेतल्यात ते त्या बेटावर एका पिढीत, नाइलाजानं होऊन गेलं होतं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठरवता येत नाही.

त्यांच्या बाजूची हकीकत अशी. काही वर्षं मजुरी झाल्यावर कैद्याला तिथे जमीन मिळायची आणि गावाकडून बायकोला बोलावून घ्यायची परवानगीही. परदादांनी बोलावलं. गावाकडून उत्तर आलं की बायको मेली. मग त्यांनी दुसरं लग्न केलं. बोलता बोलता मी चहा घेत होते आणि अगदी सहज, तुमच्या मागून म्हणावं तसं, म्हणून गेले की नाही, ती जगली, म्हातारी होऊन मेली, शेवटपर्यंत कुंकू लावून त्यांची वाट पाहत होती.

त्यांनी कप बशीत ठेवला. "ज़िंदा थी?"

"हो."

ते उठले. जिना चढताना, उतरताना त्यांच्या गुडघ्यांचा आवाज येत होता. खाली आले तेव्हा हातात काळ्या दोऱ्यातला चांदीचा एक लहानसा पत्रा होता, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. टाक. पहिली बायको मेल्यावर दुसरी आली की तिच्या गळ्यात आपल्याकडे सवतीचा टाक घालतात, मेलेलीनं त्रास देऊ नये म्हणून, हे तुम्हाला माहीत आहे. अवधच्या त्या बाईसाठी परदादांनी तो कैद्यांतल्याच एका सोनाराकडून करून घेतला होता. तेव्हापासून त्या घरात येणारी प्रत्येक सून पहिल्या दिवशी तो गळ्यात घालते आणि 'बड़ी अम्मा'कडे घरात राहायची परवानगी मागते. त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"तो फिर ये किसकी है?"

सून म्हणाली, "पापा, मैंने भी पहनी थी. मुझे तो उसने कुछ नहीं किया." ते तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलत राहिले. उन्हाळ्यात नातवाचं लग्न आहे. मुलगी मँचेस्टरची, तिला टाक घालायचं ठरलं आहे, तिलाही हौस आहे. "पर अब मैं कैसे पहनाऊँ? एक औरत वहाँ बैठकर रास्ता देख रही है, और ये आदमी लिखवा देता है कि मर गई, ताकि दूसरी मिल जाए. हम लोग ख़ूनी की औलाद हैं, वो ठीक है. वो मालूम था. पर ये?" मग हळू: "पता करके दो, बेटी. उसने झूठ बोला था या नहीं. बस इतना."

मी ट्रेनमध्ये बसून केंब्रिजला आले. घराण्याचा शोध हा म्हातारपणचा छंद म्हणून मी हातात घेतला होता. आता एका माणसाला लग्नाआधी उत्तर हवं होतं, आणि त्याचा हा पेच मीच उभा केला होता, तुमच्या एका वाक्यानं.

दुसऱ्या दिवशी नागपूरला आत्याला फोन केला. तिची तब्येत बरी आहे. मुख्याध्यापिकेचा आवाज अजून तसाच, पलीकडची बाई उशिरा आली आहे असं गृहीत धरून बोलणारा. थंडीची चौकशी झाली, माझ्या गुडघ्यांची झाली. मग मी विचारलं.

"वाट पाहत होती?" आत्या म्हणाली. "कोणाची?"

"त्यांची. काळ्या पाण्यावर गेलेल्यांची. मरेपर्यंत कुंकू लावायची ना?"

ती हसायला लागली. तुम्हाला तिचं हसणं माहीत आहे, आधी आवाज नसतो. "अगं वेडे, कुंकू लावत होती ते घरात धनी होता म्हणून. दिराशी पाट लागला होता तिचा. आपण सगळे दिराचे. तुझे खापरपणजोबा म्हणजे तो धाकटा."

"पण ती गरोदर होती ना, त्यांना नेलं तेव्हा?"

"कोण म्हणालं? आजोबा पाटानंतरचे. तो मोठा गेला आणि वर्षभरात घरच्यांनी त्याचं दहावं करून टाकलं. दर्यापलीकडं गेला तो मेला, असंच होतं तेव्हा. माणूस मेला, दीर रिकामा, बाई तरुण. लावला पाट."

"मग तो जिवंत आहे, बोलावतोय, असा निरोप आला तेव्हा?"

"आला असेल तो चावडीवर आला असेल. आणि चावडीवरचा निरोप महारवाड्यात कोण नेणार? महारकी कोणाकडे? त्या दिराकडेच. आपल्याच बायकोला विचारायला तो आपल्याच घरी आला. आता तिला विचारून 'मेली' म्हणून सांगितलं की न विचारता, ते मला नको विचारूस. मी काय चुलीमागं बसले होते? पण मेलेल्यानं बोलावलं तर जिवंत बाई जाईल कशी? त्याचा घास कावळ्यानं कधीच नेला होता. तोही मेलेला, मग हीही मेली. फिटंफाट."

मी विचारलं, हे तिला कोणी सांगितलं. आईनं, म्हणजे तुमच्या आईनं. ती त्या घरात लहानपणी सून म्हणून आली तेव्हा ही म्हातारी हयात होती. आंधळी झाली होती, पण कुंकू स्वतःच्या बोटानं लावायची आणि कधी वाकडं जायचं नाही. धाकटा तेव्हा अंगणात बाजेवर खोकत पडलेला असायचा, आणि ती आतून त्याला शिव्या द्यायची.

"दादांना हे माहीत होतं?"

"आम्हा दोघांना एकाच वेळी सांगितलं ना. तो विलायतेला निघाला होता. मी भाकरी थापत होते, तो पेटी भरत होता. आई म्हणाली, जातोस तर ऐकून जा, आपल्यातला एक गेला होता दर्यापार, त्याचं असं असं झालं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाला, बरं." आत्याला दुसरं काही आठवत नव्हतं. "एवढंच. मग पेटीला दोरी बांधली."

फोन ठेवल्यावर मी माझ्या टिपणांकडे पुन्हा पाहिलं. शिक्षेचं साल आणि तुमच्या आजोबांचं वय, जेवढं आपल्याला ठाऊक आहे तेवढं, जुळत नव्हतंच. ती तफावत मला आधीही दिसली होती. जुन्या माणसांची वयं अंदाजानं सांगितलेली असतात असं म्हणून मी पुढे गेले होते. कुंकू हा शब्द समोर होता आणि त्याचा अर्थ मी शहरातल्या, वरच्या आळीतल्या घरांवरून लावला होता. त्या घरांत नवरा गेलेली बाई एकतर वाट बघते नाहीतर कपाळ पुसते. आपल्यात तिसरंही होतं, उघड, पंचांसमोर, पानसुपारी वाटून. हे विसरायला आपल्याला फार वेळ लागला नाही. एक पेटी आणि एक बोट पुरली.

पण तुम्ही विसरला नव्हतात, दादा. तुम्हाला सांगितलं होतं. पाटाची तुम्हाला लाज वाटली असेल असं मला वाटत नाही. ग्लासगोत आपल्या बैठकीच्या खोलीत तुम्ही एका विधवेचं लग्न स्वतः लावलं होतंत आणि कोणी नाक मुरडलं त्याला जिन्यावरून खाली पाठवलं होतंत. साहेबाचं समजतं. कातड्यासाठी आपल्याच माणसाचा जीव घेणारा पूर्वज व्यासपीठावरून सांगता येत नाही, आणि तुमच्या काळात तर नव्हताच येत. पण बाईचं का बदललंत? मी बरेच दिवस यावर विचार केला. तुम्ही इथे आलात तेव्हा आई नागपुरात होती. तिला यायला दीड-दोन वर्षं लागली. तुम्ही एका खोलीत राहत होता, घरमालकीण फोडणी करू द्यायची नाही, पत्रं उशिरा यायची. तेव्हा दर्यापार गेलेल्या माणसाची हकीकत तुम्हाला आहे तशी बरोबर ठेवता आली नसेल. हा माझा तर्क आहे. तुम्ही तो नाकारला असतात.

लग्नाला थोडे आठवडे असताना मी पुन्हा एजवेअरला गेले. या वेळी जेवायला होतं, नारळातली मासळी आणि जाडसर भात. गृहस्थांनी जेवण होईपर्यंत काही विचारलं नाही. सुनेनं ताटं उचलली आणि परत येऊन बसली. टाक फडताळावर होता, दोरा गुंडाळून ठेवलेला. मी सगळं सांगितलं, आत्यानं सांगितलं त्या क्रमानं. दहावं, पाट, चावडी, निरोप. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं.

"मतलब उसने झूठ नहीं बोला," ते म्हणाले.

"नाही. त्यांना जे कळवलं ते त्यांनी सांगितलं."

"झूठ छोटे भाई ने बोला."

"किंवा तिनं."

त्यांनी यावर मान हलवली, एकदा, दोनदा. "और वो ठीक रही? मारता-वारता तो नहीं था?"

मी म्हटलं, ती त्याला शिव्या द्यायची एवढं नक्की आहे. मुलं झाली. नातसून बघितली.

त्यांना हसू फुटलं आणि हसताना खोकला लागला. सुनेनं पाठीवर हात ठेवला, पण तीही हसत होती. "पापा, मतलब हम लोग सौ साल से एक सुहागन को फूल चढ़ा रहे हैं. और वो उधर बैठकर रोटी पका रही थी." त्यांनी डोळे पुसले. टाक काढून हातावर घेतला आणि दोरा उलगडला. मला वाटलं आता ते म्हणतील की हे आता नको. ते म्हणाले, "अब तो ज़रूर पहनाएँगे. ज़िंदा सास से इजाज़त माँगेगी लड़की." मग नवा दोरा आणायचा की हाच, यावर दोघांची बाचाबाची झाली. मँचेस्टरच्या मुलीला काळा रंग चालेल का, तिच्या आईला चालेल का. मला कोणी विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं.

निघताना ते दारापर्यंत आले. मी बूट घालत होते. त्यांनी विचारलं, "एक बात. इतनी पुरानी बात तुम्हें बताई किसने?"

आत्याचं नाव घ्यायला काहीच हरकत नव्हती. तिचा नंबर द्यायचं मी घरूनच ठरवून आले होते. फोनवर दोघांचं छान जमलं असतं.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

"सच्चे आदमी रहे होंगे," ते म्हणाले. "ऐसी बात लोग बच्चों को बताते नहीं."

हे पत्र ठेवायला माझ्याकडे जागा नाही आणि पाठवायला पत्ता नाही. तुम्ही हयात असतात तरी कदाचित मी ते पाठवलं नसतं, कारण तुम्ही पहिलं वाक्य वाचून ते बाजूला ठेवलं असतंत. नात्याचं म्हणाल तर ती माणसं आपली भावकी आहेत. जुलैत मी लग्नाला जाणार आहे, तुमच्या वतीनं आहेरही नेणार आहे. राहिलं ते एवढंच की त्यांनी तुम्हाला सच्चा माणूस म्हटल्यावर मी हो म्हणाले. आयुष्यभर मोजून बोलत आले, दादा, पण ते खोटं माझ्या तोंडून अगदी सहज गेलं.